आवकात न घेतलेलं पत्र

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मखमलाबादला मळ्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला ठाऊक नाही, वहिनीला नाही, सकाळी गंगापूर रोडला माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या तिघा पेन्शनरांनाही नाही — आणि त्या तिघांना तर माझ्या मूळव्याधीचीसुद्धा इत्थंभूत माहिती आहे. जिला सांगायला हवं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसासमोर जीभच रेटत नाही.

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळात माझं नाव आदरानं घेतात. एका मेळाव्यात चिटणीसांनी माईकवरून सांगितलं होतं — या गृहस्थांनी लेकीच्या लग्नासाठी एकशे अठरा घरांना पत्रं पाठवली, तीही या वयात कॉम्प्युटर शिकून, तीही प्रत्येकाला नावानिशी वेगळी! बाप असावा तर असा! टाळ्या पडल्या. मी उभा राहून हात जोडले. हो, जोडले. काय करणार होतो? थांबा, वाजवू नका, असं म्हणणार होतो? म्हणायला हवं होतं. पण शेजारच्या बाईंनी माझ्याकडे अशा काही कौतुकानं पाहिलं, की मी आणखी थोडा वेळ उभाच राहिलो.

माझी मुलगी त्या दिवशी तिथं नव्हती. ती तोवर हैदराबादला गेली होती.

थांबा. मी शेवटून सांगायला लागलो. कचेरीत असं केलं असतं तर साहेबानं फाईल अंगावर फेकली असती.

मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. छत्तीस वर्षं. स्वभाव त्यातच घडला — मसुदा, दुरुस्ती, स्वच्छ प्रत. पत्र बाहेर गेलं की जावक रजिस्टरात नोंद, आलं की आवक रजिस्टरात. नोंद नसेल तर ते पत्र आलंच नाही असं समजायचं, मग ते टेबलावर डोळ्यांसमोर का पडलेलं असेना. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. घरी येणाऱ्या लग्नपत्रिकासुद्धा मी वहीत चढवायचो आणि मनू त्यावरून मला यथेच्छ चिडवायची.

मनू म्हणजे मनीषा. एकुलती एक. तिची आई, सुमन, शहाण्णव साली गेली, तेव्हा मनू एकवीस वर्षांची होती. त्यानंतर आम्ही दोघंच. तुम्हाला वाटेल, बायको गेलेला माणूस आता त्या दिवसांचं रडगाणं गाणार. पण नाही हो. सुमनची आठवण यायची, सणासुदीला जास्तच, ते सगळं खरं. तरीही त्या पाच-सहा वर्षांइतकं सुख मी आयुष्यात कधी भोगलं नाही. हे बोलायलाही लाज वाटते. पण आज सगळंच बोलायचं ठरवलंय, तर हेही घ्या.

मनू कॉलेज रोडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. संध्याकाळी साडेसहाला तिची स्कूटी फाटकाशी वाजायची. आल्या आल्या चप्पल एक इकडे, एक तिकडे. चहात साखर इतकी, की चमचा उभा राहील. मी कुरकुरायचो, ती म्हणायची, "अण्णा, तुमच्या कडू बोलण्याला तेवढीच तोड आहे." मग क्लासमधल्या गमती. आणि हसणं — ते कसं सांगू? हसू आलं की तिला उभंच राहता यायचं नाही. जिथं असेल तिथं खाली बसायची. ओट्यापाशी, जिन्यात. एकदा मेन रोडला भांड्यांच्या दुकानासमोर मटकन बसली, लोकांना वाटलं पोरीला चक्कर आली. दुकानदार पाणी घेऊन धावला, तर ही आणखीच हसायला लागली. ते हसणं ऐकायला मिळावं म्हणून मी कचेरीतले किस्से चक्क रचून सांगायचो. तिला कळायचंही बहुतेक. तरी हसायची.

रविवारी आम्ही मळ्यात जायचो. भावाची शेवंती, झेंडू, थोडी मेथी-कोथिंबीर. असंच एकदा वहिनी फुलांच्या पाट्या भरत बसली होती आणि मनूला विहिरीकडे गेलेलं बघून म्हणाली, "भाऊजी, पोरीचं काय ठरवलंय? सत्तावीस म्हंजे काय कमी हाय का? तिची आई असती तर आतापर्यंत गप बसली असती का?"

मी म्हटलं, बघू की, घाई काय आहे.

"तुम्हाला नसल घाई," वहिनी म्हणाली. "तिचं काय? तिला कोणी इचारलंय?"

वहिनी फार शिकलेली नाही, पण नेमकं बोट ठेवते. मी परत येताना स्कूटीवर मनूला आडून आडून विचारलं. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "बघा ना, अण्णा. मला आवडेल." बस, एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मला कळलं की हे तिच्या मनात कधीपासून आहे आणि मी विचारायची ती वाट बघत होती. तिला घर हवं होतं, तिचं स्वतःचं. नवरा हवा होता, मूलबाळ हवं होतं. यात वावगं काय होतं?

मग मी कामाला लागलो. आणि ही गोष्ट तुम्ही खरी माना — सुरुवातीला मी मनापासून लागलो.

मंडळ दरवर्षी मुलांची सूची छापायचं. त्यातल्या बासष्ट मुलांच्या नावापुढे ई-मेलचा पत्ता होता. पुण्या-मुंबईला नोकरीवाली पोरं, त्यांना तो असायचा. मनू म्हणाली, कागदी पत्रं कशाला, ई-मेल करू. मंडळाच्या पत्त्यावरून नको पण, तुमच्या स्वतःच्या खात्यावरून जाऊ द्या. वडिलांचं नाव दिसलं की लोक उघडून बघतील, नाहीतर जाहिरात समजून फेकून देतील. आणि सगळ्यांना एकच छापील मजकूर नको. तिनं मला शिकवलं — एक मसुदा करायचा, एका तक्त्यात नावं-गावं भरायची, मसुद्यात जिथं नाव हवं तिथं रिकामी जागा ठेवायची. बटण दाबलं की प्रत्येकाला त्याच्या नावाचं पत्र तयार. ती त्याला मेल मर्ज म्हणायची. मी म्हटलं, अरे वा! छत्तीस वर्षं आम्ही स्मरणपत्रं हातानं बडवली ती काय उगाच?

मसुद्यावरून आम्ही चार दिवस भांडलो. 'गृहकृत्यदक्ष' मी घातलं, तिनं काढलं. म्हणाली, वरण मला अजून जमत नाही, उगाच फसवणुकीचा दावा लागेल. मराठी अक्षरं समोरच्याच्या मशीनवर चौकोन-चौकोन दिसायची, म्हणून मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं. आणि मी माझ्या डोक्यानं तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला. ओळख.

आपल्याकडे स्थळ सांगताना ओळख काढावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचे मामा आमच्या अमक्याचे व्याही, तुमचे काका आमच्याबरोबर एका खोलीत शिकले — असा एखादा धागा सापडला की माणूस दार उघडतो. मी बासष्ट घरांचे बासष्ट धागे शोधले. तीन आठवडे लागले. मनमाडला फोन, सिन्नरला फोन, पेठला एक जुना शिपाई होता, त्याच्याकडून तीन घरांची माहिती काढली. प्रत्येकासाठी एक वेगळं वाक्य. कुणाला 'आपल्या आजोबांच्या हातचं औषध माझ्या आईनं घेतलं होतं', कुणाला 'आपले मामा मनमाडला रेल्वेत असताना त्यांनी माझी हरवलेली ट्रंक शोधून दिली, ते उपकार मी विसरलो नाही.' काय सुंदर रकाना झाला होता तो! मला वाटत होतं, नोकरीत असतो तर बढती मिळाली असती.

आणि मग माझी हेडक्लार्की नडली. एकच वाक्य चुकून दोन घरांना गेलं नाही ना, हे तपासायला मी तो एकच रकाना वर्णानुक्रमानं लावला. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी साहेबाच्या थाटात पुढे चालू ठेवलं. बाकीची नावं जागच्या जागी राहिली आणि ओळखी सगळ्या इकडच्या तिकडे झाल्या. मनू क्लासला गेली होती. मी पंधरा-पंधराच्या लॉटनं — एकदम पाठवली तर खातं बंद करतात म्हणे — बासष्ट पत्रं रवाना केली, जावक रजिस्टरात बासष्ट नोंदी घातल्या आणि हात झटकून चहा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून फोन. ओझरच्या एका गृहस्थांनी विचारलं, अहो, आमचे आजोबा फौजदार होते, औषध कुठलं देणार? एका बाईंना वाटलं मी त्यांची टिंगल करतोय. त्यांना कधी नसलेल्या आत्याबाईंच्या निधनाबद्दल मी दुःख व्यक्त केलं होतं. मी दोन दिवस फोनच उचलला नाही. आणि मनू? तिनं तक्ता बघितला, एकेक ओळ वाचली आणि फरशीवर बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अण्णा, आता जो मुलगा यातूनही हो म्हणेल ना, त्याच्याशी मी डोळे मिटून लग्न करीन."

तसा एक निघाला.

सांगतो. सांगतोच आता, पळून जात नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन-साडेतीन. मनू क्लासला. मी फोनची वायर मशीनला जोडली, ती कर्कश्श किरकिर झाली आणि पत्र उतरलं. पुण्याचा मुलगा, नाव शिरीष. त्याला ट्रंकेचं वाक्य गेलं होतं. त्यानं लिहिलं होतं — काका, माझ्या मामांचं कापडाचं दुकान आहे. रेल्वेत ते नोकरीला नव्हते, उलट रेल्वेत त्यांच्याच तीन बॅगा आजवर हरवल्यात. तरी तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा ते गोंधळले, पण आता घरी येईल त्याला सांगतात की नाशिकच्या एका भल्या माणसाची ट्रंक मी शोधून दिली. तेव्हा उपकार तेवढे राहू द्या.

मी घरात एकटा खो-खो हसलो. पुढे त्यानं सरळ लिहिलं होतं. नोकरी, पगार, आईवडील, धाकटी बहीण. आणि — 'तुमच्या पत्रात मुलीबद्दल लिहिलंय की ती खोटं हसत नाही. हे वाक्य मला फार आवडलं. त्यांची हरकत नसेल तर मला त्यांना भेटायचं आहे. येत्या रविवारी आम्ही येऊ का?'

ते वाक्य मसुद्यात मी घातलं होतं. बासष्टांपैकी ते दिसलं फक्त त्याला.

मला तिथल्या तिथं कळलं. कळायला किती वेळ लागतो? ही दोघं एकमेकांना भेटली की संपलं. रविवारी हा माणूस सोफ्यावर बसेल, मामांची नक्कल करेल आणि मनू जमिनीवर बसेल. तिला हवं होतं ते सगळं त्या पत्रात होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा वाजतील, स्कूटी वाजणार नाही. चहा माझ्या प्रमाणात साखर घालून मीच करीन. किस्सा सुचेल, तो ऐकायला घरात कुणी नसेल.

पुणं. चार-पाच तासांचं पुणं. लांब म्हणायचीही सोय नव्हती.

मी मशीन बंद केलं. रजिस्टर समोरच होतं. पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. ते पत्र मी आवकात घेतलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मनूनं खातं बघितलं नाही? तिनंच तर उघडून दिलं होतं. अहो, तिला लाज वाटायची. आपल्याच लग्नाची पत्रं मुलीनं काय उघडायची? ती फक्त रविवारी सकाळी, मला दिसणार नाही अशा बेतानं, माझं आवक रजिस्टर उघडून बघायची. त्या रविवारीही बघितलं. मी पेपरच्या आडून पाहत होतो. तिनं पान उलटून मागचंही पाहिलं. मग वही होती तशी ठेवली आणि विचारलं, पोहे करू का?

आठ दिवसांनी मी शिरीषला उत्तर पाठवलं. आपल्याकडे नकार द्यायची एक सभ्य रीत आहे — पत्रिका जुळत नाही. मुलगी आवडली नाही, हुंडा पटला नाही, घर लहान वाटलं, काही असो, पत्रिकेवर ढकलायचं. कुणी फिरून विचारत नाही. मीही तेच लिहिलं. दोन ओळी. आपल्याला उत्तम स्थळ मिळो, वगैरे.

त्याचं लगेच उत्तर आलं. 'काका, मी पत्रिका पाठवलीच नव्हती. आमच्याकडे बघतही नाहीत. पण तुमच्या मनात नाही हे समजलं. त्यांना माझ्या शुभेच्छा सांगा. मामांना मी काही सांगत नाही, ते फार मनाला लावून घेतील.'

त्या ओळी वाचताना मी कानकोंडा झालो. छत्तीस वर्षांच्या मसुदेगिरीत इतकी ढोबळ चूक माझ्या हातून झाली नव्हती. समोरच्याची पत्रिका आली की नाही, एवढंही मी पाहिलं नव्हतं. आणि तो पोरगा मला खोटारडा म्हणाला नाही. शुभेच्छाही मी मनूला सांगितल्या नाहीत.

एकदाच झालं असतं तर पाय घसरला म्हटलं असतं. पण पुढच्या वर्षी धुळ्याचं एक स्थळ आलं, चांगलं होतं. नंतर ठाण्याचं. त्यांनाही मी परस्पर कळवून टाकलं — पत्रिका जुळत नाही. सवय लागते हो. आणि सगळ्यांत वाईट काय, तर पत्रं पाठवायचं मी थांबवलं नाही. उलट जोर केला. नवी सूची आली, आणखी छप्पन्न नावं, आणखी छप्पन्न ओळखी, या वेळी तीनदा तपासून. मनू बघायची, बाप दुपारभर मान मोडून बसलाय. चहा आणून ठेवायची. "अण्णा, पुरे आता, डोळे दुखतील." माझ्या मानेवर बाम चोळून द्यायची. मी चोळून घ्यायचो.

जावक एकशे अठरा. आवक नऊ, नऊच्या नऊ नकार. ते खरे होते, म्हणून नोंदले होते.

तिच्या मनाचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. येत होता. समोर दिसतच होतं की. तिनं शालिमारजवळच्या स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढून घेतला. मग आणखी एक, साडीतला. एके संध्याकाळी दोन्ही फोटो टेबलावर ठेवून म्हणाली, "अण्णा, खरं सांगा. यात काही खटकतंय का? माझ्या हसण्यात काही विचित्र आहे का? दात जास्त दिसतात का?" मी म्हटलं, लोकच मूर्ख आहेत गं, तू मनाला लावून घेऊ नकोस. असं म्हटलं मी! त्या वेळी खात्यात ठाण्याच्या मुलाचं पत्र पडलेलं होतं, चार दिवस झाले होते. तिसऱ्या फोटोत तिनं ओठ मिटून घेतले.

नंतर ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग तेवढंही नाही. खाली बसणं तर केव्हाच बंद झालं. मी रचलेले किस्से सांगायचो, ती "हो का?" म्हणायची आणि ताटं उचलायची. मी ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते माझ्याच घरात, माझ्याच समोर विझत गेलं आणि तरीही मी तोंडातून ब्र काढला नाही. का? एका रविवारी उठून सांगितलं असतं तर? शिरीषचं लग्न तोवर झालं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, कारण मंडळाच्या पुढच्या सूचीत त्याचं नाव परत आलं होतं. मी ते नाव तक्त्यात घेतलं नाही.

दोन हजार पाच साली तिनं हैदराबादची नोकरी धरली. मला आधी सांगितलंही नाही, पत्र हातात आल्यावर सांगितलं. मी विचारलं, नाशिकला काय कमी आहे? ती शांतपणे म्हणाली, "इथं मळ्यात गेलं की काकू बघते, क्लासला गेलं की बाया बघतात. एकशे अठरा घरांनी नको म्हटलेली मुलगी. तिकडे कुणाला ठाऊक नाही, अण्णा." मी म्हटलं, असं काही नसतं. ती म्हणाली, आकडा तुमच्याच रजिस्टरात आहे.

मनमाडहून गाडी होती. मी पोचवायला गेलो. गाडी उशिरा होती, आम्ही फलाटावर बाकावर बसलो, तिनं मला औषधांच्या वेळा दोनदा समजावल्या. गॅस रेग्युलेटर रोज बंद करायचा. दूधवाल्याला सुट्टीचं आधी सांगायचं. मला वाटलं, आता बोलावं. गाडी यायला अर्धा तास होता, अर्ध्या तासात सगळं सांगून झालं असतं. ती माझ्याबरोबर घरी परत आली असती असंही नाही, कदाचित माझं तोंडही पुन्हा बघितलं नसतं. पण आपण नको होतो असं समजून ती गाडीत चढली, ते तरी टळलं असतं. मी तिला पाण्याची बाटली आणून दिली.

आज त्याला चार वर्षं झाली. घर तेच. साडेसहाला कुणाची तरी स्कूटी वाजतेच गल्लीत, मी खिडकीशी जातो. मूर्खपणा आहे, पण जातो. हल्ली चहात मी तिच्याइतकी साखर घालतो. डॉक्टरांनी नको म्हटलंय. संध्याकाळी मशीन लावतो आणि शिरीषचं पहिलं पत्र उघडून वाचतो, मामांच्या बॅगांपर्यंत आलो की अजूनही हसू येतं, आणि मग पुढचं वाचवत नाही. तिला पत्र लिहायला कितीदा बसलो. एकशे अठरा जणांना मी लिहिलं, हिला लिहायला घेतलं की 'चि. मनीषा' च्या पुढे हात जात नाही.

या दिवाळीला ती आली होती. चौतिसावं लागलंय. केसांत दोन-चार पांढरे दिसले, मी बघतोय हे कळल्यावर तिनं बट कानामागे सारली. पाडव्याला मळ्यात गेलो. वहिनी आता थकली आहे, पण तोंड चालूच. म्हणाली, पोरीचं तेवढं राहिलं बघा. तर मनूच बोलली, "काकू, अण्णांनी काही कमी केलं का? इतकं कुणाचा बाप करत नाही. माझ्याच नशिबात नव्हतं." मी शेवंतीच्या वाफ्याकडे बघत उभा राहिलो.

हैदराबादला परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पेपरची पुरवणी चाळत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, परत एकदा पाठवायची का पत्रं? शेवटचंच. तुमच्याच खात्यावरून. मला तिकडे फार एकटं वाटतं."

मसुदा तिनंच केला. माझ्या जुन्या मसुद्यातलं ते हसण्याचं वाक्य तिनं काढून टाकलं आणि खाली एक नवी ओळ घातली — घटस्फोटित किंवा विधुर असल्यास, मूल असल्यासही, हरकत नाही. ती ओळ टाईप करताना तिचा हात जराही अडखळला नाही.

नव्या सूचीत तिच्या वयाला साजेशी एक्केचाळीस नावं होती. मी एक्केचाळीस ओळखी शोधल्या. रकाना हलू दिला नाही, प्रत्येक पत्र पाठवण्याआधी उघडून वाचलं. तीन महिने झाले. सकाळ-संध्याकाळ खातं उघडतो. जाहिराती येतात, विम्याची पत्रं येतात. स्थळाचं एकही आलेलं नाही. साधा नकारसुद्धा नाही. एखादं जरी आलं तरी त्याच क्षणी फोन उचलायचा, असं मी ठरवून ठेवलंय. पण येतच नाही.

दर रविवारी अकराला तिचा फोन येतो. तब्येत, औषधं, पाऊसपाणी सगळं बोलून होतं आणि मग, सहज विचारल्यासारखं करून, "काही आलं का हो, अण्णा?"

मी म्हणतो, नाही गं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच खरं सांगतोय मी. तिला त्यात काही फरक कळायचं कारण नाही.

"असू दे," ती म्हणते. "तुम्ही तरी किती करणार माझ्यासाठी?"